त्या नाटुकल्यातला 'माझा आई आला' हा भाग कापायला हवा की नको?

अशोक चौक: आमच्या भागातल्या मंडळाच्या पोरांनी केलेल्या नाटुकल्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय. मास्तर हजेरी घेतात, गैरहजर पोराच्या नावाला चौघं 'हजर' म्हणून ओरडतात, मास्तर चष्मा शोधतात आणि तो असतो कपाळावर. इथवर मीही पोट धरून हसले. मग तेलुगू घरातला पोरगा उठतो, "सर, माझा आई आला नाही" म्हणतो आणि मास्तर त्याला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात. सगळा वर्ग खिदळतो. सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू बोलतात आणि पोरं मराठी शाळेत जातात. असं हसलं की पोरगं वर्गात तोंडच उघडत नाही. तेवढा भाग कापा.

जुळे सोलापूर: ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. 'काय करायलास बे' म्हटलं की पुण्यात आपल्यालाही हसतात. हे काम करणारा पोरगा स्वतः तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातला आहे आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. भाग कापलात तर त्याचंच काम जाईल.

अशोक चौक: टाळ्या पडल्या त्या त्याच्या चुकीला. आणि पुण्यातले हसतात ते तुम्हाला आवडतं का?

निवृत्त शिक्षक: माझा आक्षेप वेगळाच आहे. मास्तर इतका बावळट कशाला दाखवायचा? आपल्याच जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पोरांना असा मास्तर दिसू दे की!

होटगी रोड: सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. वर्गात सगळी सत्ता मास्तरांच्या हातात असते, म्हणून त्यांची फजिती पोरांना गोड लागते. त्यात कुणाचं काही जात नाही. त्या पोराचं मात्र जातं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 बघा: शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. चुकलेलं वाक्य चारचौघांत वदवून घेणं हा छळच आहे.

जुळे सोलापूर: नाटुकल्याला कायदा लावणार असाल तर उद्या कुणी स्टेजवर चढणारच नाही. त्यापेक्षा भाग ठेवा आणि उलटा करा. मास्तर तेलुगू बोलायला जाऊ दे, चुकू दे आणि त्या पोरानं सुधारून सांगू दे.

निवृत्त शिक्षक: याला माझी हरकत नाही. पालकांशी बोलता यावं म्हणून मीही तेलुगू शिकलो होतो. मास्तर शिकताना चुकला तर त्यात कमीपणा कसला?

अशोक चौक: असं असेल तर चालेल. मंडळाच्या पोरांशी मी बोलते. तोवर जुनं रेकॉर्डिंग कुणी पुढे पाठवू नका.