शब्दचर्चा : 'इकडची स्वारी' स्वारीवर गेली तर?

जुनेर :
मदत हवी आहे. दोन वर्षं एक कादंबरी लिहितेय. काळ १७६४-६५, माधवराव पेशव्यांची म्हैसूरच्या हैदरअलीवरची पहिली मोहीम. नायक वाईकडचा शिलेदार, नायिका त्याची बायको. पळून जाणं नाही, तिसरं माणूस नाही. लग्न पहिल्या पानाच्या आधीच झालंय आणि पुढे तीस वर्षं चालतं, एवढीच गोष्ट. हस्तलिखित मैत्रिणीला वाचायला दिलं, तिनं समासात तीन ठिकाणी 'ईऽऽ' लिहून परत केलं. एक, नायिका निरोप देताना म्हणते, "नाथ, लवकर परत या." दोन, तो उत्तर देतो, "प्रिये, मी जातो, पण मन इथेच ठेवून." आणि तीन, मलपृष्ठावरचा मजकूर : 'एका सैनिकी दांपत्याच्या चिरकाल टिकणाऱ्या विवाहाची प्रेमकहाणी'.

ईऽऽ मलाही पटलं. पण मग लिहायचं काय? त्या काळची बायको नवऱ्याला काय म्हणत असेल? आणि 'टिकलेलं लग्न' याला आपल्याकडे शब्दच नाही की मलाच आठवत नाहीये?

चकवा :
'नाथ' म्हटलं की मला पायपेटी ऐकू येते आणि पडदा वर जातो. ते संगीत नाटकात ठेवा. 'चिरकाल टिकणारा' म्हणजे तर बाहेरच्या भिंतीचा रंग. पावसाची हमी पण लिहा.

मोडीवाचक :
चकवासाहेब गंमत करून मोकळे झाले, पण प्रश्न चांगला आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुमचा शब्द मराठीत तयार आहे : स्वारी. मूळ फारसी, अर्थ घोड्यावर बसणं. त्यावरून घोड्यावर बसून निघालेली फौज, म्हणजे मोहीम : 'कर्नाटकची स्वारी'. मग लवाजम्यासह निघालेला मोठा माणूस : 'श्रीमंतांची स्वारी येत आहे'. आणि तिथून तो शब्द घरात शिरला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग 'इकडची स्वारी'. आजही रुसलेल्या पोराला आपण 'स्वारीचं काय बिनसलंय?' म्हणतो, ते त्याचंच शेपूट. म्हणजे नवऱ्याला घेऊन जाणारी मोहीम आणि खुद्द नवरा, दोन्हींना एकच शब्द. 'स्वारी अजून परतली नाही' हे वाक्य दिवाणखान्यात राजकारण असतं आणि माजघरात काळजी. तुमच्या कादंबरीला एवढा एक शब्द पुरेल.

दुसरा शब्द कबिला. अरबीत टोळी, जमात. मराठीत येताना तो बायकोपुरता आणि घरच्या माणसांपुरता आटला. 'कुटुंबकबिल्यासह आले' हे बोलण्यात अजून जिवंत आहे. फौजेबरोबर निघालेल्या सरदार-मुत्सद्द्यांच्या बायकांना कबिले म्हणत. यांना कृपा करून 'बुणगे' म्हणू नका. नव्या लेखनात ही चूक फार दिसते. बुणगे म्हणजे न लढणारा सगळा पसारा : बाजारवाले, नोकर, हमाल, सामान. कबिला म्हणजे घरची माणसं. सरदाराच्या बायकोला कुणी बुणग्यांत मोजलं असतं तर मोजणाऱ्याची धडगत नव्हती.

आता सावध राहायची जागा. कुठल्याही काळात कबिला छावणीत आणून बसवता येत नाही. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेचा नियम दिला आहे : लष्करात बायको, बटीक, कळवंतीण नसावी, जो बाळगील त्याची गर्दन मारावी. आठ महिने परमुलखात, पावसाळ्यात छावणीला परत. नव्वद वर्षांत चित्र किती पालटलं ते पानिपतावर दिसतं. १४ जानेवारी १७६१ ला तिथे सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई होती, नाना फडणिसांची आई आणि बायको होती. पुष्कळांना त्या निमित्तानं उत्तरेची तीर्थं घडवायची होती. नानांची आई परतली नाही.

तुमची गोष्ट पानिपतानंतर तीन वर्षांची. प्रत्येक घरात कुणीतरी परत न आलेलं असणार. तुमच्या शिलेदाराची बायको निरोप देताना लाडिक बोलेल असं मला वाटत नाही.

सातारी कंदी :
मोडीवाचकदादांचं सगळं मान्य, पण 'इकडची स्वारी' ही वाड्यातली भाषा. वाईकडच्या शिलेदाराच्या घरात ती कशी येईल? आमच्याकडं धनी, घरधनी, मालक, कारभारी. माझी आजी आजोबांना आयुष्यभर 'अवं' म्हणाली, आणि लांबनं बोलवायचं असलं की पोराचं नाव घेऊन हाक मारायची. "सदाऽ" अशी आरोळी आली की सदा हलायचा नाही, आजोबा उठायचे. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात.

आणि ताई, ते 'मी जातो' आधी काढा. घरनं निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. तुमच्या-आमच्यासारख्यांनी चुकून म्हटलं तर आई टोकते, एवढंच. पलटणीतल्या माणसानं म्हटलं तर अख्खं घर थांबतं. आमच्या घरात तीन पिढ्या मिल्ट्रीत. माझा चुलतभाऊ सुट्टी संपवून निघतो तेव्हा वहिनी त्याच्या तळहातावर दही घालते. तो ते चाटतो, ट्रंक उचलतो आणि "येतो गं" म्हणून पाठ करतो. ती नुसतं "हं" म्हणते. आजवर दोघांच्या तोंडून यापेक्षा जास्त काही ऐकलेलं नाही. तुमच्या पात्रांनी एवढंच बोललं तरी चालेल.

अजून एक शब्द सांगतो, तो मलपृष्ठावर चुकूनही टाकू नका : वीरपत्नी. संस्कृतात त्याचा अर्थ वीराची पत्नी, पण आज मराठीत तो ज्याचा नवरा लढाईत गेला तिलाच लावतात. वीरमाता, वीरपिता तसेच. आमच्या गावात एका पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला निवेदकानं कौतुकानं वहिनीला 'वीरपत्नी' म्हणून व्यासपीठावर बोलावलं. भाऊ तेव्हा सीमेवर, ठणठणीत. बायकांची सगळी रांग गप्प झाली. वहिनी जागची उठली नाही. माझ्या चुलतीनं नंतर त्या माणसाला गाठून काय ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. भावाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी लागला, तोवर वहिनीनं घास घेतला नव्हता.

जुनेर :
बाप रे. माझ्या दुसऱ्या भागाचं नावच 'वीरपत्नी' आहे. काढते.

दादा, मग 'कामी येणे'चं काय करू? जुन्या पत्रांत 'अमुक माणूस कामास आले' म्हणजे लढाईत मेले. मी निवेदनात तसं वापरलंय. मैत्रीण म्हणाली, "नायिकेचा दीर कामी आला हे वाचून मला वाटलं त्यानं लग्नात वाढपाचं काम केलं."

मोडीवाचक :
हा हा. तुमची मैत्रीण बरोबर आहे आणि तुम्हीही. निवेदनात 'कामी आला' एकटं टाकू नका, 'रणात कामी आला' करा. पत्रात किंवा कारकुनाच्या तोंडी मात्र 'कामास आले' तसंच राहू द्या. त्या दफ्तरी कोरडेपणातच त्याची धार आहे. मेल्या माणसाची नोंद आणि मेल्या घोड्याची नोंद एकाच सुरात.

घोड्यावरून आठवलं. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. बारगीर म्हणजे ज्याच्या खाली सरकारचा किंवा दुसऱ्याचा घोडा. शिलेदाराचा घोडा मेला आणि नवा घ्यायची ऐपत नसली की तो बारगिरीवर यायचा. म्हणजे तुमच्या नायिकेच्या घरात घोडा हीच जमीन, हीच इभ्रत. ती नवऱ्याच्या खुशालीआधी घोड्याची खुशाली विचारत असेल तर ते प्रेम कमी म्हणून नव्हे.

चकवा :
एक खरंच विचारतो, थट्टा नाही. फौजा दसऱ्याला शिलंगण करून निघणार आणि पाऊस तोंडावर आला की परतणार. लग्नाचे मुहूर्त मार्गशीर्ष ते ज्येष्ठ, आणि चातुर्मासात लग्नं नाहीत. म्हणजे लग्नसराई आणि मोहिमेचा हंगाम एकच? मग ही माणसं बोहल्यावर उभी कधी राहायची? 'आधी लगीन कोंढाण्याचं' ही मला नुसती बाणेदार ओळ वाटायची. आता ती वेळापत्रकाची अडचण वाटायला लागली. सिंहगड झाला तोही माघातच, फेब्रुवारी १६७०. लढाईला 'लगीन' म्हणायचं आणि नवऱ्याला 'स्वारी', काय लोक आहेत!

आणि जुनेर, तुमच्या प्रेमकथेचा ऋतू वसंत असेल तर तोही बदला. नवरा घरात सापडणार तो आषाढ-श्रावणात. कोकिळा नको, गळकं छप्पर हवं.

मोडीवाचक :
निरीक्षण झकास, पण तुमचं गळकं छप्पर १७६४ ला लागू नाही. त्या पावसाळ्यात माधवरावांची फौज परतलीच नाही, छावणी कर्नाटकातच पडली. तह झाला तो १७६५ उजाडल्यावर. 'छावणी' मुळात छप्पर शाकारून पावसाळा काढायची जागा. ते छप्पर घराजवळ असेलच असं नाही. गावात बातमी आली असणार, 'छावणी तिकडंच पडली', आणि त्या दोन-तीन शब्दांत बाईचं एक वर्ष गेलं.

पिंपळपान :
उशिरा आले. जुनेर, तुमच्या तिसऱ्या ईऽऽकडे कुणी नीट बघितलं नाही म्हणून लिहिते.

'लग्न टिकलं' हे अलीकडचं बोलणं. त्यात लग्न ही तुटायलाच ठेवलेली वस्तू आहे, न तुटल्याचं कौतुक. जुनी माणसं 'संसार केला' म्हणत, आणि बाईच्या बाजूनं त्याहून नेमका शब्द : नांदणे. 'लेक नांदायला गेली', 'नांदती आहे', 'नांदा सौख्यभरे'. हा शब्द लग्नाच्या दिवसाला लागत नाही, त्यानंतरच्या रोजच्या राहण्याला लागतो. घरात लक्ष्मी नांदते, गावात शांतता नांदते, तशीच बाई नांदते.

आता तुमच्या गोष्टीतली गोम अशी की ज्याच्याकडे नांदायला आली तोच घरी नाही. ती नांदते कुणाबरोबर? सासूबरोबर, जावेबरोबर, गोठ्याबरोबर. मला वाटतं तुमची खरी कादंबरी इथे आहे, निरोपाच्या प्रसंगात नाही.

पार्वतीबाईंचं वर नाव आलं. भाऊसाहेब पानिपतावर गेले हे त्यांनी मानलंच नाही. कुंकू, बांगड्या तशाच. मध्यंतरी भाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला, त्याच्या चौकशा झाल्या, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तोतया म्हटलं की आजही आधी तोच प्रसंग आठवतो. बाई १७८३ मध्ये वारल्या, सुवासिनी म्हणूनच. बावीस वर्षं. त्यांना विधवा म्हणायचं की सौभाग्यवती, हा त्या घरातल्या माणसांना रोज पत्राचा मायना लिहिताना पडलेला प्रश्न असेल. याला 'चिरकाल टिकणारा विवाह' म्हणून बघा बरं, जीभ उचलते का?

जाता जाता : तुमच्या चौथ्या प्रकरणात (मला तुम्ही पाठवलं होतंत) नायिका म्हणते, "माझी बांगडी फुटली." निवेदक तसं म्हणू शकतो. ती नाही म्हणणार. ती म्हणेल, "बांगडी वाढली." नवरा मोहिमेवर असताना 'फुटली' तर मुळीच नाही.

जुनेर :
सगळ्यांचे आभार. तुमच्या नादानं दोन रात्री जागले. 'नाथ' गेले, 'प्रिये' गेली. निरोपाच्या प्रसंगाला दोनच वाक्यं उरली : "येतो." "हं." आधी ते चार पानांचं होतं. रडू येत होतं कापताना, पण आता वाचताना येतं, लिहिताना नाही.

मलपृष्ठावर असं टाकतेय : 'तीस वर्षं नांदली. त्यातली वीस वर्षं तो स्वारीवर होता.' चालेल?

चकवा :
आठ महिने बाहेर, चार महिने घरी, तीस वर्षं. बरोबर वीस. गणित पास.

मोडीवाचक :
गणित पास, इतिहास नापास. दरसाल मोहीम नसे, आणि १७६४ सारख्या वर्षी चारचे शून्य महिने होतात. 'वीस' ऐवजी 'निम्म्याहून जास्त' करा. शिवाय तीस वर्षांत एका माणसाला एकच घोडा पुरत नाही, आणि तुमच्या पहिल्या प्रकरणात तर त्याला नावसुद्धा नाही. शिलेदाराच्या घरात बिननावाचा घोडा?

जुनेर :
घोडा नाही, घोडी. चंद्री. नाव कालच ठेवलं, तेही कंदीदादांच्या आजीमुळे. नवऱ्याचं नाव घेता येत नाही म्हणून ती अंगणातून घोडीला हाक मारते. चंद्री मान हलवत नाही, तो वळून बघतो.