बियाण्यापासून नवी हिरवळ तयार करताना तणांचा बंदोबस्त कधी आणि कसा करावा?

प्रश्न — कोरे_अंगण

घरासमोर साधारण 120 चौरस मीटर मोकळी जागा आहे आणि तेथे बियाण्यापासून हिरवळ तयार करण्याचा विचार आहे. तयार हिरवळीच्या लाद्या अंथरायच्या नाहीत. जागेला दिवसभर ऊन मिळते. पायाच्या खोदाईतून निघालेली माती तेथेच पसरलेली असून वरचा थर कडक झाला आहे, आणि त्यावर घोळ, माठ, दुधी (भोपळा नव्हे, पांढरा चीक येणारे तण), थोडे गाजरगवत आणि भरपूर लव्हाळा माजला आहे.

आतापर्यंत मला परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. एका मतानुसार तण वरवर खरवडून लगेच दाट बी पेरावे, म्हणजे गवतच तणाला दाबून टाकते. दुसऱ्या मतानुसार पेरणीच्याच दिवशी उगवणपूर्व तणनाशक फवारावे, म्हणजे तण उगवणारच नाही. यांपैकी कोणते मत ग्राह्य धरावे आणि कामाचा क्रम कसा ठेवावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर — वाफसा

माझ्या मते दोन्ही सल्ले आपल्या कामाचे नाहीत. तण दाबून टाकण्याचे काम गवत करते हे खरे, पण ते एकदा दाट बसलेले गवत. नुकतीच उगवलेली, दोऱ्यासारखी बारीक रोपटी नव्हे. माठ आणि घोळ उगवल्यानंतर थोड्याच दिवसांत पाने पसरतात, आणि त्या सावलीत गवताची रोपटी पिवळी पडून मरतात. म्हणून तणाचा मुख्य बंदोबस्त बी जमिनीत पडण्यापूर्वीच व्हायला हवा. त्यासाठी पेरणी काही आठवडे पुढे ढकलावी लागली तरी ढकलावी.

याचे कारण मातीत आहे. तणांचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत पडून राहते आणि त्यांपैकी बऱ्याच बियांना उगवण्यासाठी उजेडाची चाहूल पुरते. आपण जमीन खणतो तेव्हा खोलवर निजलेले बी वर येते, त्यानंतर पेरणीसाठी पाणी देतो, आणि गवतासाठी केलेली सगळी सोय तणाच्या पथ्यावर पडते. ही खोड ओळखून तिचाच उपयोग करून घ्यावा. आधी विटांचे तुकडे, सिमेंटचे खडे आणि मुळ्या वेचून जमीन 10 ते 15 सेंटीमीटर खोल खणावी. वरती 2 ते 3 सेंटीमीटर जाडीचा पूर्ण कुजलेल्या खताचा थर देऊन तो मातीत मिसळावा. कच्चे शेणखत कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून तणांचे बी आपणच विकत आणून पेरल्यासारखे होते. नंतर घरापासून बाहेरच्या बाजूला 1 ते 2 टक्के उतार ठेवून जमीन सपाट करावी, ढेकळे फोडावीत आणि बी पेरलेलेच आहे असे समजून पाणी द्यावे.

दोन-तीन आठवड्यांत जमीन हिरवी होईल, पण ती हिरवळ तणाची असेल. तणाची पहिली दोन-चार पाने दिसताच वाफसा असताना (माती ना चिखल ना कोरडी, अशी ओलसर असताना) खुरप्याने किंवा हातकोळप्याने अगदी वरवर, फार तर दोन सेंटीमीटरपर्यंत, ती कापून काढावीत. येथे पुन्हा खोल खणण्याचा मोह आवरावा. खोल खणले की खालचे नवे बी वर येते आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून सुरू होतो. हाच फेरा आणखी एकदा, आणि आपल्या जागेची अवस्था पाहता शक्य झाल्यास तिसऱ्यांदाही करावा. प्रत्येक फेऱ्यात उगवण कमी होत गेलेली डोळ्यांना दिसते, आणि पेरणीस जमीन तयार झाली की नाही हे ठरवण्यास त्याहून चांगली खूण नाही.

पेरणीचा हंगाम गवताच्या जातीवर ठरतो. हरळीसारख्या उष्ण हवामानातील गवतांसाठी मातीचे तापमान 18 ते 20 अंश सेल्सिअसच्या वर स्थिर झालेले असावे. फेस्क्यू, राय, ब्लूग्रास ही थंड हवामानातील गवते 10 ते 18 अंशांच्या दरम्यान चांगली उगवतात. बियाण्याचे प्रमाणही जातीगणिक बरेच बदलते. टरफल काढलेल्या हरळीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 4 हजार बिया असतात, म्हणून तिचे प्रति चौरस मीटर 5 ते 10 ग्रॅम बी पुरते, म्हणजे आपल्या जागेला 600 ग्रॅम ते 1.2 किलो. टॉल फेस्क्यूचे बी ठसठशीत, एका ग्रॅमला साधारण 500. त्याचे 30 ते 40 ग्रॅम लागते. ठरलेल्या प्रमाणापेक्षा फार दाट पेरल्यास रोपटी एकमेकांची उपासमार करतात आणि दमट हवेत बुरशीने पट्टेच्या पट्टे बसून जातात. पिशवीवर शुद्धता आणि इतर बियांचे प्रमाण छापलेले असते, तेही अवश्य पाहावे.

बी कोरड्या वाळूत मिसळून त्याचे दोन समान भाग करावेत. एक भाग उभा आणि दुसरा आडवा फेकून पेरावा. त्यानंतर दंताळे हलक्या हाताने उलटे फिरवून बी 3 ते 6 मिलिमीटर मातीआड करावे आणि हलका रोलर फिरवावा. वर चाळलेल्या कुजलेल्या खताचा पातळ थर चालतो. भाताचे किंवा गव्हाचे काड पसरायचे असल्यास त्यात ओंब्या शिल्लक नाहीत याची आधी खात्री करावी.

उत्तर — हिरवी_चौकट

उगवणपूर्व तणनाशकाबद्दल आवर्जून लिहीत आहे, कारण त्या सल्ल्याने हमखास नुकसान होते. पेंडीमिथॅलीनसारखे औषध उगवणाऱ्या रोपाच्या कोवळ्या मुळांची वाढ रोखते, आणि ते मूळ तणाचे की आपल्या गवताचे हा भेद त्याला करता येत नाही. थंड हवामानातील काही गवतांसोबत पेरणीच्या वेळी चालणारी मोजकी औषधे आहेत, उदाहरणार्थ मेसोट्रायोन. पण तेच हरळीला इजा करते. त्यामुळे पुडक्यावर आपल्या गवताचे नाव आणि "पेरणीच्या वेळी" असा स्पष्ट उल्लेख नसल्यास ते वापरू नये.

वाफसा यांच्या पद्धतीशी मी सहमत आहे, मात्र त्यात एक भर घालतो. पहिली खणणी करण्यापूर्वी बहुवार्षिक तण जोमात वाढत असताना ग्लायफोसेट या तणनाशकाची एक फवारणी करावी. हे औषध पानांतून मुळापर्यंत उतरते, म्हणून फवारल्यानंतर किमान आठवडाभर जमीन खणू नये. अर्थात आपल्या भागात ते वापरण्यास कोणाला परवानगी आहे हे आधी तपासावे आणि वाऱ्याच्या दिवशी फवारू नये.

उत्तर — खुरपे

घोळ, माठ यांची फार धास्ती बाळगण्याचे कारण नाही. आपली खरी गाठ लव्हाळ्याशी आहे आणि तो गवत नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. त्याचे खोड बोटांत धरून फिरवल्यास तीन कडा स्पष्ट जाणवतात. एखादे रोप हिसका न देता कुदळीने मातीसकट उचलून पाण्यात धुऊन पाहावे. तारेसारख्या बारीक, चिवट भूमिगत खोडांना ओवल्यासारख्या काळपट गाठी दिसतील, आणि प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतील. हाताने उपटल्यावर खोड गाठीपाशी तुटते, वरचे हिरवे आपल्या हातात येते आणि गाठ जमिनीत शाबूत राहते. काही दिवसांत तेथूनच पुन्हा कोंब येतो.

याहून वाईट परिणाम यंत्राने जमीन भुसभुशीत केल्यावर होतो. गाठींची ही साखळी अखंड असताना टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा सुप्त राहतात, पण पाती फिरून साखळीचे तुकडे झाले की त्या स्वतंत्रपणे फुटू लागतात. म्हणून लव्हाळा असलेल्या भागात यंत्र मुळीच फिरवू नये, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटीमीटरमध्ये असतात. तेवढी माती खणून काट्याने झाडावी, गाठी वेचाव्यात, आणि उरलेली माती कोरड्या हंगामात कडक उन्हात उलटीपालटी करून तापू द्यावी, कारण पूर्ण सुकलेली गाठ मरते. ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवण्याची पद्धत इतर तणांच्या बियांवर उत्तम चालते, परंतु लव्हाळ्याच्या गाठींवर तिचा भरवसा धरता येत नाही.

ग्लायफोसेटबद्दल माझा थोडा मतभेद आहे. फवारणीच्या वेळी ज्या गाठीला पाने आहेत तिच्यावर ते काम करते. सुप्त गाठींना त्याचा स्पर्शही होत नाही. त्यामुळे एका फवारणीवर समाधान मानू नये. त्याऐवजी पाच-सहा पाने येण्यापूर्वीच प्रत्येक कोंब पुन्हापुन्हा काढत राहिल्यास गाठीतील साठा संपत जातो आणि नव्या गाठी धरत नाहीत. काम कंटाळवाणे आहे, पण गवत पेरल्यानंतर ते कितीतरी अवघड होते.

पुढील प्रश्न — कोरे_अंगण

सर्वांचे आभार. पेरणी पुढे ढकलत आहे आणि ऊन पाहता हरळीचे बी निश्चित केले आहे. आता एकच शंका उरते. इतके करूनही रोपट्यांबरोबर तण उगवल्यास ते त्याच वेळी उपटावे की थांबावे? पाणी आणि पहिली कापणी यांचाही त्याच्याशी संबंध असावा असे वाटते.

उत्तर — वाफसा

संबंध आहे, आणि बराच आहे. हरळी उगवण्यास साधारण एक ते तीन आठवडे लागतात. तोपर्यंत वरचा एक-दोन सेंटीमीटर थर सुकू न देता बारीक फवाऱ्याने दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी द्यावे. झारीची जाड धार पडल्यास बी वाहून खळग्यांत साचते. रोपटी स्थिरावली की पाण्याची वेळ वाढवून पाळ्या कमी कराव्यात आणि हळूहळू आठवड्याला एकूण सुमारे 25 मिलिमीटरवर यावे. पृष्ठभाग कायम ओला राहिला तर लव्हाळ्याचेच फावते.

पहिले काही आठवडे जमिनीवर पाय देऊ नये आणि तणही ओढू नये, कारण एका माठाच्या मुळासोबत आजूबाजूची दहा-वीस रोपटी उखडून येतात. फार मोठे झालेले तण कात्रीने जमिनीलगत छाटावे. गवत पाच सेंटीमीटरच्या आसपास आले की धारदार पात्याने, जमीन कोरडी असताना, उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही अशी पहिली कापणी करावी. माठ, गाजरगवत यांसारख्या उभ्या वाढणाऱ्या तणांचा शेंडा वारंवार कापला गेला की ती मागे पडतात, तर हरळी कापणीने आडवी धावते आणि मोकळी जागा भरते. घोळ आणि दुधी मात्र जमिनीलगत पसरतात आणि पात्याखालून सुटतात. ती हिरवळीने मूळ धरल्यानंतर ओल्या जमिनीतून हाताने काढावीत.

उत्तर — हिरवी_चौकट

रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी हे तणनाशक वापरायचे झाल्यास किमान तीन-चार कापण्या होऊ द्याव्यात. कोवळ्या रोपट्यांना ते सोसत नाही. तापमान 30 अंशांवर असताना ते टाळावे, कारण गवताला चटका बसतो आणि औषधाची वाफ शेजारच्या टोमॅटो किंवा द्राक्षवेलीपर्यंत पोहोचल्यास त्यांची पाने वेडीवाकडी होतात. लव्हाळ्यावर त्याचा भरवशाचा परिणाम होत नाही. त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन हे निवडक औषध आहे, परंतु हिरवळ पूर्ण बसल्यानंतर आणि तेही फक्त लव्हाळ्याच्या ठिगळांवर वापरावे. फवारण्याआधी आणि नंतर दोन दिवस कापणी थांबवावी, म्हणजे औषध शोषण्यास पुरेशी पाने शिल्लक राहतात.