लाल साडीची जर वेबसाइटवर लापशी होतेय, एक्स्पोर्ट सेटिंग काय ठेवू?

वडगावचा_मागवाला:
मंडळी, आमचे वडगावात माग हायत, काकांच्या साड्यांची छोटी वेबसाइट मी करालोय. मोबाइलचे फोटो ४०००×३००० चे, एकेक पाच-सहा एमबी, खानापूरच्या पुढं रेंज नसते तिथं पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक पळतंय. म्हणून एका फुकटच्या अ‍ॅपात जेपेग क्वालिटी ३० केली, साइज उतरली पण लाल काठावरची जर पार फिसकटली आणि बुट्ट्यांभोवती चौकटी दिसालेत. काका म्हणाले "ही आमची साडीच न्हवं". काय करू सांगा की.

खडेबाजार_कट्टा:
आधी क्वालिटीला नको, मापाला हात लाव. पानावर फोटो १२०० पिक्सेल रुंदच दिसणार तर १२००×९०० कर, पिक्सेल अकराव्या हिश्श्यावर येतात, मग क्वालिटी ७५-८० ठेवलास तरी चालतंय. चौकटींचं म्हणशील तर जेपेग फोटोचे ८×८ चे तुकडे पाडूनच दाबतंय, ३० ला ते उघडे पडणारच.

निपाणीकर७:
एवढं कशाला डोकं लावालायस, सरळ वेबपी कर, म्हणजे वेबसाठीचा फोटोचा दुसरा फॉरमॅट, जेपेगपेक्षा लहान बसतंय.

लग्नाचे_फोटोवाला:
लहान बसतंय खरं, पण लाल काठाला तेच नडतंय की वो. साधं लॉसी, म्हणजे थोडी माहिती गाळून दाबणारं, वेबपी रंग कायम ४:२:० नं ठेवतंय, म्हणजे उजेड-अंधार पूर्ण पण रंगाची माहिती चार पिक्सेलला मिळून एकच, लालावर सोनेरी बारीक रेघ असली की रंग एकमेकात उतरतो. पूर्ण साडीच्या फोटोला वेबपी चालेल. काठाच्या क्लोजअपला जेपेगच ठेव, जिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंग ४:४:४ (दर पिक्सेलला त्याचा स्वतःचा रंग), क्वालिटी ८०. रंग एसआरजीबीत, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, बदलून घे, नाहीतर कुणाच्या फोनवर लाल विटका दिसेल आणि शिव्या रंगाऱ्याला. एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलीत लपलेली माहिती, ती पण काढ, लोकेशन चालू असेल तर घराचा पत्ता त्यात जातो. आणि हे सगळं ओरिजिनलवरून कर हां, दाबलेलं परत दाबू नको.

वडगावचा_मागवाला:
केलं दादा. एका काठाचा फोटो नवीन काढून ४:४:४ नं टाकला, काकांनी चष्मा वर करून, मोबाइल नाकाला लावून जर बघितली आणि काही न बोलता मागावर जाऊन बसले, म्हणजे पास. पण त्या अ‍ॅपनं बाकीचे ओरिजिनल वरच सेव्ह करून खाल्लेत, आता चाळीस साड्या परत उलगडायच्या, आणि घड्या घालायला काकू तयार न्हाईत.