पोरगं खडाखडा वाचतंय पण उताऱ्याचे प्रश्न चुकतात, काय करावं?

नंदगडची_आई

नमस्कार. मुलगा पाचवीत आहे, मराठी शाळेत, यंदा नवोदय शाळेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय आणि भाषा मराठीच टाकलीय. गणित आणि बुद्धिमत्ता त्याचे बाबा बघतात, भाषा माझ्याकडं आली. मला वाटलं सगळ्यात सोप्पं मलाच मिळालं, ४ उतारे, एकेका उताऱ्यावर ५ प्रश्न, २० प्रश्नांना २५ मार्क, त्यात काय एवढं. आता बसतो रोज संध्याकाळी तर माझंच डोकं उठतंय.

वाचतो अगदी खडाखडा, जोडाक्षरात पण अडत नाही, शाळेत परिपाठाला बातम्या हाच वाचतो. पण वाचून झाल्यावर काय वाचलंस रे विचारलं की माझ्या तोंडाकडं बघत बसतो. २० पैकी ९-१० बरोबर येतात, ते पण थेट ओळ असलेले. परवा मधमाशीवर उतारा होता, पोळ्यात अंडी कोण घालतं तर राणी माशी, हे लगेच आलं. पुढचा प्रश्न होता की शेताच्या आसपासची फुलझाडं तोडली तर पोळ्यावर काय परिणाम होईल, तर हा म्हणतो आई हे उताऱ्यात नाहीच, चुकीचा प्रश्न छापलाय.

आणखी एक गंमत सांगतो. एका उताऱ्यात "मी शाळेत गेले" असं होतं आणि सांगणारी व्यक्ती मुलगा की मुलगी विचारलेलं. पोरगं म्हणालं कळत नाही. त्याचं तरी काय चुकलं, घरात मी आणि सासूबाई दोघी "मी गेलो, मी आलो"च म्हणतो की, आमच्यात बायका तसंच बोलतात. आता वाटालंय पुस्तकातली मराठी त्याला परकीच आहे. अडीच महिने आहेत हातात. कुणी पोरांकडून असं करून घेतलंय काय?

वडगावचा_भावा

वैनी टेन्शन घेऊ नका, मागच्या वर्षांचे पेपर आणा आणि रोज ४ उतारे घड्याळ लावून सोडवून घ्या, भाषेला ३० मिनिटं धरतात म्हणजे एका उताऱ्याला साडेसात मिनिटं. आधी प्रश्न वाचायचे मग उतारा, वेळ वाचतो. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळं उत्तरपत्रिकेतला एक पण गोल रिकामा सोडायचा नाही. माझ्या पुतण्याला असंच बसवलेलं.

निपाणीचे_गुरुजी

ताई, पोरगं "चुकीचा प्रश्न छापलाय" म्हणालं यातच मला बरं वाटलं, म्हणजे त्यानं उताऱ्यात जाऊन शोधलं होतं. आळशी पोरगं कुठलंतरी गोल काळं करून खेळायला पळतंय.

वडगावच्या भावाचं घड्याळ बरोबर आहे पण ते शेवटच्या तीन आठवड्यांत. आता घड्याळ लावलं तर चुकायचाच वेग वाढंल. आणि आधी प्रश्न वाचायची युक्ती तर या पोराला सध्या अजिबात नको, का ते सांगतो.

आपल्या बेळगाव सीमाभागातल्या पोरांना एक सवय लागलेली असते, ३४ वर्षं मी ती बघत आलो आणि थोडीफार मीच लावली, खोटं कशाला बोलू. कन्नड आणि इंग्रजीच्या धड्यात पोराला निम्मं कळतंय निम्मं नाही, मग ते काय करतंय, प्रश्नातला एक ओळखीचा शब्द धरतंय, धड्यात तो शब्द कुठं दिसतोय बघतंय आणि ती अख्खी ओळ वहीत उतरवतंय. आम्ही मास्तर पन्नास वह्या तपासायच्या नादात बरोबरची खूण करून टाकतो. अर्थ कळला काय हे कोण विचारतंय. तीच जुळवाजुळव पोरगं मग मराठीत पण करतंय, जिथं करायची गरजच नसते. आधी प्रश्न वाचायला लावला की ते अजून जोरात शब्द शोधत सुटणार.

मी काय करायचो सांगतो. एक छोटाच उतारा, आठ-दहा ओळी, आणि तो पण त्याच्या ओळखीच्या गोष्टीवर, कथा नको, माहितीचाच पाहिजे. हा बघा, आत्ताच लिहिला, तुमच्या तालुक्याचाच आहे:

"मलप्रभा नदी खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावते. तेथून अरबी समुद्र जवळ आहे; तरीही ही नदी पश्चिमेकडे न जाता पूर्वेकडे वाहते. खानापूरवरून पुढे जात ती सौंदत्तीजवळ पोहोचते. तेथे नविलुतीर्थ येथे तिच्यावर धरण बांधले आहे. त्याच्या जलाशयाला रेणुकासागर म्हणतात. पुढे बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगम येथे ती कृष्णेला मिळते. कृष्णा नदी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते."

आता पहिला प्रश्न, धरण कुठं आहे. हे त्याला येणार, येऊ दे, हुरूप येतो. दुसरा, "तिच्यावर" म्हणजे कुणावर. हे विचारायचंच, कारण तो, ती, ते म्हणजे नेमकं कोण हे ज्याला धरता येत नाही त्याचा अर्थ तिथंच निसटतो, आणि मराठीत बरं असतंय, "तिच्यावर" म्हटलं की मागं नदी शोधायची, "त्याच्या" म्हटलं की धरण. तिसरा, जलाशय म्हणजे काय. लगेच सांगू नका. धरण बांधलंय, त्याच्या कशाला तरी नाव दिलंय, नावात सागर आहे, मग काय असंल? पोरगं म्हणंल "डॅमचं पाणी". झालं की, शब्दकोशात यापेक्षा वेगळं काय लिहिलेलं असतंय.

चौथा प्रश्न खरा. कणकुंबीला पडलेला पाऊस शेवटी कुठल्या समुद्रात जातो? पैजेवर सांगतो, पोरगं म्हणणार अरबी समुद्र, कारण तो शब्द कणकुंबीच्या शेजारी बसलाय आणि "समुद्र" पण त्यातच आहे. त्याला चूक म्हणू नका, एवढंच म्हणा की बोट ठेवून दाखव. तो दुसऱ्या ओळीवर बोट ठेवंल. मग "तरीही" वर बोट ठेवायला सांगा आणि विचारा हा शब्द इथं कशाला आलाय. तरीही, पण, म्हणून, कारण, यांना पेन्सिलनं गोल करायची सवय लावा, उतारा वळण घेतो तो या शब्दांशी. मग दोन बोटं लागतात, एक "कृष्णेला मिळते" वर आणि एक शेवटच्या ओळीवर. मी वर्गात यांना एकबोटी प्रश्न आणि दोनबोटी प्रश्न म्हणायचो. मधमाशीचा तुमचा प्रश्न दोनबोटीच होता, माश्या फुलातनं मकरंद आणतात ही एक ओळ कुठंतरी असणारच आणि पोळं त्यावर जगतंय ही दुसरी.

पाचवा शीर्षकाचा. "रेणुकासागर", "कर्नाटकातील नद्या", "मलप्रभेचा प्रवास", "कणकुंबी" असे चार पर्याय द्या. पोराला अंगरख्याची उपमा सांगा, एक घट्ट होतोय, एक ढगळा होतोय, बरोबर मापाचा कुठला?

दिवसाला एकच उतारा. चुकीच्या उत्तराला पण बोट, बरोबर उत्तराला पण बोट. बरोबर आलेल्याला तर जास्तच विचारा, तुक्का लागलेला असतोय.

बीएड_चालू_आहे

गुरुजी एकबोटी दोनबोटी मी चोरणार आहे, लेसन प्लॅनमध्ये टाकतो.

ओळखीच्या विषयावर उतारा घ्या म्हणाला ते नुसतं अनुभवाचं नाही, त्यावर अमेरिकेत अभ्यास झालाय, आम्हाला शिकवला होता. रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी १९८८ साली ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावातला भाग वाचायला दिला. काही मुलं वाचनात पक्की, काही कच्ची, आणि दोन्हीकडं बेसबॉल कळणारी आणि न कळणारी अशी विभागणी. निघालं काय तर वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्यांच्या पुढं गेली. आपल्याकडं समजा क्रिकेटचा उतारा आला आणि त्यात "नाइट वॉचमन" (दिवसाचा खेळ संपत आला की चांगल्या बॅट्समनच्या जागी पाठवलेला खालचा खेळाडू) असंल तर गल्लीतलं पोरगं लगेच समजतंय आणि नुसता शब्दार्थ पाठ केलेला म्हणतंय रात्रीचा राखणदार बॅटिंगला कशाला आला.

म्हणून ताई, पोराला "वाचन कच्चं आहे" असं लेबल लावू नका, विषयच माहीत नसंल तर कुणाचंही तेच होतं. परीक्षेत काय येणार ते आपल्या हातात नाही म्हणून विषय बदलत राहायचे, आज नदी, उद्या वटवाघूळ, परवा रेल्वे, मग लस कशी काम करते.

दुसरं, उतारा वाचून झाला की प्रश्नांच्या आधी पान झाकायचं आणि काय वाचलं ते सांगायला लावायचं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग आहे, त्यात असेच छोटे माहितीचे उतारे होते, एक सूर्यावर आणि एक समुद्री पाणमांजरावर. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवेल ते लिहिलं. ५ मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं, पण आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. आपण पोरांना "परत एकदा नीट वाच" म्हणतो ना, त्यानं पोराला वाटतं मला आलं, येत काही नसतं.

आणि सांगताना घरच्या भाषेतच सांगू दे. प्रमाण मराठीत सांग म्हणालं की पोरगं वाक्यं आठवायला जातं आणि अर्थ राहतो बाजूला.

घाटावरचा

गुरुजी माफ करा, पण मी कणकुंबीकडचा आहे म्हणून राहवत नाही. कणकुंबीत पडलेला सगळा पाऊस मलप्रभेत जात नाही. कळसा नाला पण आमच्याच भागातला, तो म्हादईला जातो आणि म्हादई गोव्यातनं अरबी समुद्राला. त्यावरनं तर कर्नाटक आणि गोव्याचं भांडण चाललंय. म्हणजे पोरगं अरबी समुद्र म्हणालं तर ते पण अर्धं बरोबरच!

निपाणीचे_गुरुजी

पकडलासा मला 😄 बरोबर आहे तुमचं. माझा प्रश्नच ढिला होता, "मलप्रभेत आलेलं पाणी शेवटी कुठं जातं" असा पाहिजे होता. ताई, तसा बदलून घ्या.

पण बघा यातनं एक चांगली गोष्ट निघाली. समजा पेपरात माझ्यासारखाच ढिला प्रश्न आला आणि पोराला कळसा नाला माहीत असला तर त्यानं काय करायचं? उताऱ्यात जे दिलंय त्यावरनंच उत्तर. आपल्या माहितीनं उतारा समजून घ्यायचा, पण गोल काळं करताना साक्षीदार उतारा. हुशार पोरं इथंच मार्क घालवतात, त्यांना जास्त माहीत असतंय.

टिळकवाडी_ट्यूशन

मी घरीच शिकवणी घेते, दोन-तीन गोष्टी पटकन.

पेपर वाचायला लावा असं सगळे सांगतात पण अग्रलेख देऊ नका, वाक्यं इतकी लांब असतात की मोठ्यांचाच श्वास जातो. आतल्या पानावरची आठ ओळींची बातमी घ्या, बाजारभाव, पावसाची नोंद, बसच्या वेळा, आणि त्यावर तुम्हीच प्रश्न काढा. माझ्याकडं एक मुलगी कुंदा मिठाईच्या बॉक्सवरचं सगळं वाचून "हे किती दिवसात संपवलं पाहिजे" ते काढायची, तो पण माहितीचा उताराच की.

प्रश्नातला "नाही", "चुकीचे", "अयोग्य" यांच्याखाली रेघ मारायला लावा. "पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" मध्ये मुलं पहिलं बरोबर विधान दिसलं की आनंदानं गोल काळं करून टाकतात. माझ्याकडं निम्म्याहून जास्त चुका याच असतात, आकलन वगैरे नंतरची गोष्ट.

आणि स्थानिक उतारे पाहिजेत तर विषय भरपूर आहेत, १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आपल्या बेळगावात झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं तेवढं एकच, किल्ल्यातली कमल बसदी हे जैन मंदिर, गोकाकचा धबधबा, तुमच्या नंदगडात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, पोरानं ती बघितली असणारच.

नंदगडची_आई

सगळ्यांचे लई आभार, आठवडा झाला म्हणून सांगायला आलो.

मलप्रभेचा उतारा दिला. गुरुजी पैज जिंकलासा, अरबी समुद्रच म्हणाला. बोट ठेव म्हटल्यावर दुसऱ्या ओळीवर ठेवलं, मग स्वतःच परत वाचलं, "तरीही" पाशी थांबला आणि म्हणाला आई ही फसवायला लिहिलेली ओळ आहे. मग बोटं सरकवत सरकवत बंगालच्या उपसागरापर्यंत गेला. जलाशयाला त्यानं "डॅमचं तळं" म्हटलं.

पान झाकून सांगायचं मात्र जड जातंय, दोन वाक्यं बोलतो आणि गप्प. मग मी युक्ती केली, सासूबाईंना समोर बसवलं, त्यांना वाचता येत नाही, त्यांना सांग म्हटलं. त्या मधेच "मग पुढं?" "आणि ते का?" विचारतात आणि ह्याला सांगावंच लागतंय. रायण्णांचा उतारा मीच लिहून दिला होता, १८३१ साली नंदगडात फाशी दिली, समाधीजवळ वडाचं झाड आहे, एवढाच. तर सासूबाईंनी विचारलं की पकडलं कसं त्यांना. पोरगं उताऱ्यात शोधून आलं आणि म्हणालं आजी, हे खरंच उताऱ्यात नाही.

काल २० पैकी १३ आले. चुकलेल्या सातांतले दोन "चुकीचे विधान" वालेच होते, रेघ मारायची विसरला. आता उद्याला वटवाघळांचा उतारा लिहायचाय, भीमगडच्या गुहेतल्या, कुणाकडं तयार असंल तर टाका हो इथं.