मदत हवी आहे : सिरॅमिकची कामाडो शेगडी मंद आचेवर कशी स्थिरावावी?

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही जपानी कामाडो पद्धतीची, जाड सिरॅमिकच्या भिंतींची अंडाकृती शेगडी घेतली. गावी चूल आणि बंब पेटवण्यात माझे बालपण गेले असले, तरी या शेगडीपुढे माझी पुरती तारांबळ उडते.

सिरॅमिक सच्छिद्र असल्याने ज्वालाग्राही द्रवाचा वास त्यात मुरतो आणि पुढे पदार्थांना लागतो, म्हणून मी मेणात घोळवलेल्या लाकडी भुशाच्या वड्यांनीच कोळसा पेटवते. लाकडी कोळशाचे मोठे तुकडे तळाशी रचून, खालची हवेची खिडकी आणि वरची झडप पूर्ण उघडी ठेवून, तीन ठिकाणी वड्या लावते व दहा मिनिटांनी झाकण मिटते. अडचण त्यानंतर सुरू होते. मला ११० ते १२० अंश सेल्सिअसवर मटण चार-पाच तास शिजवायचे असते, परंतु काटा बघता बघता २०० च्या पुढे जातो आणि एकदा तापलेले सिरॅमिक झडपा मिटल्या तरी लवकर निवत नाही.

मंद आचेसाठी कोळसा एकाच ठिकाणी पेटवावा का, आणि झडपा नेमक्या किती अंशांपासून मिटत आणाव्यात? शिवाय, झाकण एकदम उघडल्यावर आत हवा शिरून ज्वाळेचा लोळ उठला (भुवया थोडक्यात वाचल्या!), तर ते उघडण्याची सुरक्षित रीत कोणती, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.