प्रॅक्टिसच्या बाणाला पॉइंट, म्हणजे पुढचं टोक, कुठला? चिकटवायचा बुलेट की स्क्रूवाला फील्ड?

बाणबुवा:
वाद घालायलाच बसलोय, आधीच सांगतो. नुसती टार्गेट प्रॅक्टिस करणाऱ्याला स्क्रूवाले फील्ड पॉइंट लागतात कशाला? आमच्यासोबत एक जण शूट करतात, त्यांच्या डबीत ८५, १०० आणि १२५ ग्रेन (वजनाचं बारीक एकक) असे तीन सेट, दर रविवारी एक काढतात दुसरा पिळतात, मग साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) खालीवर, आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा बाणांचा पुंजका, आहे तिथेच, परातीएवढा. मी चार वर्षं १०० ग्रेनचे गोल बुलेट हॉट मेल्टने (आचेवर वितळणाऱ्या ग्लूने) चिकटवून वापरतोय, त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. बुलेटचा घेर शाफ्टएवढाच, म्हणजे बाणाच्या दांडीएवढाच, कुठे कड नाही, खांदा नाही, फोममधून बाण सरळ मागे येतो. स्क्रूवाल्यात आधी शाफ्टमध्ये इन्सर्ट (आटे असलेली नळी) आणि मग त्यात पॉइंट, म्हणजे बिघडायच्या जागा दोन. वजन एकदा ठरलं की चिकटवा आणि सुट्टी. बाकी सगळं नाचता येईना अंगण वाकडं.

आटे_पिळे:
बुवा, तुमचं धनुष्य तेच, पाउंडेज (ओढायला लागणारा जोर) तेच, म्हणून तुम्हाला सुट्टी. नवीन माणूस २० पाउंडला सुरू करतो आणि हळूहळू २८-३० ला जातो, मग तेच बाण त्याच्यासाठी मऊ पडतात, म्हणजे सुटताना जास्त वाकतात, त्याने काय दर वेळी नवा डझन घ्यायचा? पॉइंट जड केला की बाण आणखी मऊ वागतो, हलका केला की कडक, एवढं साधं आहे. पिसं न लावलेला बाण, म्हणजे बेअर शाफ्ट, १८ मीटरवरून मारून बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्या रिकर्व्हवाल्याचा (टोकं पुढे वळलेलं धनुष्य वापरणाऱ्याचा) तो ग्रुपच्या उजवीकडे गेला तर मऊ, डावीकडे गेला तर कडक. १०० काढून ८५ पिळायला अर्धा मिनिट लागतो. तुमच्या पद्धतीत गॅस पेटवा, ग्लू वितळवा, शाफ्ट जळला तर कपाळाला हात लावा.

बाणबुवा:
शाफ्ट जाळणाऱ्याने जाळला, त्यात पॉइंटचा काय दोष? कार्बन थेट आचेवर धरायचाच नसतो, पॉइंट गरम करायचा आणि त्याला ग्लू लावायचा. आणि काढायचा असला तर बाणाचं पुढचं टोक उकळत्या पाण्यात धरा, ग्लू सुटतो, कापडाने धरून ओढा. अर्थात इपॉक्सीने चिकटवला असेल तर विसरा. राहिला नवीन माणसाचा प्रश्न. ज्याचा अँकर (दोरी ओढून हात टेकायची जागा) रोज गालावर वेगळ्या जागी येतो त्याचा बेअर शाफ्ट सकाळी उजवीकडे आणि संध्याकाळी डावीकडे जाणार, तो त्यावरून पॉइंट ठरवणार?

पिवळी_रिंग:
हे मात्र पटलं. पण माझं दुखणं वेगळं आहे, स्क्रूवाले सैल होतात. दहा-बारा बाण मारले की एखादा खुळखुळायला लागतोच, बोटाने अर्धा आटा फिरतो. मागच्या महिन्यात एक बाण ओढला, हातात आला तो नुसता शाफ्ट, पुढे इन्सर्टचं रिकामं भोक, आणि पॉइंट आत फोममध्ये. नाकपक्कड घालून पाऊण तास उकरलं, शेवटी टार्गेटला मुठीएवढा खड्डा पडला आणि पॉइंट निघाला तो दुसऱ्याच कुणाचातरी, गंज चढलेला 😅 माझा अजून आतच आहे.

आटे_पिळे:
दर एंडला (बाणांच्या एका फेरीला) बाण ओढले की दोन बोटांनी पॉइंट पिळून बघायचा, सवयीचा भाग आहे. आट्यांवर थोडं मेण चोळा, नाहीतर मध्ये बारीक रबरी रिंग टाका, मग एवढ्यात सुटत नाही. आणि बाण ओढताना उलट दिशेला गोल फिरवू नका हो, अर्धे लोक स्वतःच आटे सोडवतात आणि मग स्क्रूला नावं ठेवतात.

तिरंदाजाची_आई:
तुमच्या भांडणात एक प्रश्न. मुलीचं धनुष्य १८ पाउंडाचं आहे. टार्गेटचा फोम नवीन आणि फार घट्ट, तिचे गोल पॉइंटचे बाण कधी कधी टोचतच नाहीत, उसळून परत येतात, एक तर निम्म्या वाटेपर्यंत आला. ती म्हणते मी नीटच सोडला. सर म्हणतात ताकद वाढेल तसं होईल. तोवर काय करायचं?

पिवळी_रिंग:
आधी तिला त्या टार्गेटवरून हलवा, जुन्या, मऊ पडलेल्या टार्गेटवर मारू दे. उसळून येणारा बाण हा सगळ्यात वाईट प्रकार. पट्ट्यांचा फोम असेल तर फ्रेमचे बोल्ट जास्त आवळलेत का तेही बघायला सांगा, सैल केले की फरक पडतो. आणि हो, इथे टोकदार पॉइंट लावा, कमी वेगाचा बोथट बाण घट्ट फोममध्ये शिरायला मागत नाही.

बाणबुवा:
ताई, हिच्यासाठी मीही टोकदारच म्हणेन. (आटे_पिळे यांनी जास्त खूश होऊ नये, टोकदार पॉइंट चिकटवायचेही मिळतात.) बदलताना तेवढ्याच ग्रेनचा घ्या, नाहीतर बाण वेगळाच वागेल आणि पोरीला वाटेल आपलंच चुकतंय.

लाकडी_बाण:
आमच्या लाकडी शाफ्टला ना इन्सर्ट ना भानगड. टोक ५ अंशात तासायचं, पॉइंट गरम ग्लूने बसवायचा. तिरका बसला तर बाण बोटांवर फिरवला की टोक डुगडुगताना दिसतं, परत गरम करायचं. खांदावाला फील्ड पॉइंट मुळात झाडाच्या खोडांवर मारायला बरा, खांद्यामुळे फार आत जात नाही. फोमवर तोच खांदा ओढताना अडतो, त्यामुळे एरवी विरोधात असलो तरी आज बुवांच्या बाजूने.

आटे_पिळे:
खांदावाला कोण म्हणतंय? हल्लीच्या स्क्रू पॉइंटचा घेर शाफ्टशी जुळवून घेता येतो, बघून घ्यायचा एवढंच. बारीक घेतला तर शाफ्टची पुढची कड उघडी पडते आणि फ्रेमला लागली की कार्बनचे पापुद्रे निघतात. जाड घेतला तर ओढताना अडतो. हे बुलेटलाही लागू आहे, चुकीच्या मापाचा बुलेट काही पुण्यवान होत नाही.

आणि वजनाची थट्टा चालली आहे म्हणून हिशोब देतो. नॉकच्या (दोरीत अडकवायच्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत माझा बाण २८ इंच, म्हणजे निम्मं १४. ८० ग्रेनच्या पॉइंटला बोटावर तोलला तर खाचेपासून १६.५ इंचांवर तोल येतो. फरक अडीच इंच, भागिले २८, साधारण ९ टक्के एफओसी, म्हणजे तोल मध्यापासून किती पुढे ते. त्याच बाणाला १०० चा लावला की तोल १७.२ च्या आसपास, म्हणजे ११ टक्के. नुसते २० ग्रेन, सव्वा ग्रॅमच्या आसपास, पण वाऱ्यात बाण पुढून जड असला की सरळ धरतो, मोकळ्या मैदानात ७० मीटरला कळतं. बदल्यात बाण खाली पडतो, साइट खाली घ्यावी लागते. हे चिकटवलेल्या पॉइंटवर कसं शोधणार?

पिवळी_रिंग:
ब्रेक-ऑफने. ७० मीटरवाले भारी रिकर्व्ह शूटर चिकटवलेलेच पॉइंट वापरतात, मागच्या दांडीला खाचा असतात. १२० चा घ्या, पक्कडीने एक तुकडा मोडा की ११०, अजून एक मोडा की १००. फक्त मोडलेलं परत जोडता येत नाही, त्यामुळे आधी जड लावून बघायचं. आणि मॅचमध्ये एका एंडचे सगळे बाण सारखे लागतात, तीन ८५ चे आणि तीन १०० चे हा खेळ घरचाच.

बाणबुवा:
बरं, कबुली देतो. हिशोब वाचून काल रात्री चिडून छोटा काटा काढला, ग्रेनवाला, आणि सगळे बाण पूर्ण वजन केले, म्हटलं दाखवतोच ह्यांना की माझा सेट एकसारखा आहे. अकरा बाण दोन ग्रेनच्या आत. सात नंबरचा नऊ ग्रेनने जड! हा तोच बाण जो कायम ग्रुपच्या खाली जातो आणि ज्याच्यासाठी मी वर्षभर स्वतःच्या रिलीजला (दोरी सोडण्याला) शिव्या घातल्या. वेन (मागची पिसं) तेच, नॉक तोच, म्हणजे एकतर पॉइंट दुसऱ्या वजनाचा बसलाय किंवा आत ग्लूचा गोळा आहे.

पाणी उकळत ठेवलंय. बुलेटच लावणार परत, ते सोडा, पण आटे_पिळे, तुम्ही काटा कुठल्या वजनाने तपासता तेवढं सांगा, माझ्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही.