रोजचे कपडे किती वेळा घालून धुवायचे? (जरा पटकन सांगा)

चिमणी_हैराण | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर हवंय. कुर्ती, जीन्स, लेगिंग, ओढणी, घरातला गाऊन, टॉवेल. यातलं काय किती वेळा वापरून धुवायचं? फक्त आकडे द्या.

आम्ही तिघी एकत्र राहतो, मशीन एकच. माझे वार बुधवार आणि रविवार. एकीचं म्हणणं, एकदा अंगाला लागलं की ते पारोसं, धुवायलाच हवं. दुसरी महिनाभर एकच जीन्स खुंटीवरून काढते, घालते, परत खुंटीवर. मी मधल्यामध्ये लटकलेली. आज ऑफिसच्या लिफ्टमध्ये शेजारची बाई नाकाला रुमाल लावून सरकली, बहुतेक माझ्यामुळेच. परवा बुधवार आहे, त्याच्या आत सांगा.

टवाळ_टग्या | सोमवार, रात्री १०:५०

रुमाल तिचा स्वच्छ होता का ते बघितलंत का? (हलकेच घ्या.)

जुनाखोडकर | सोमवार, रात्री ११:०५

रोज. यात विचारायचं काय? आमच्या वाड्यात पहाटे मोरीत धोपाटण्याचा आवाज सुरू व्हायचा. आजी काठीनं पिळे उंच दांडीवर चढवायची, का, तर येताजाता कुणी शिवू नये. शिवलं की सोवळं गेलं, परत धुवा. आणि आता खुंटीवर महिनाभर जीन्स! कठीण आहे.

मोरपीस | सोमवार, रात्री ११:२०

@जुनाखोडकर काका, आजीकडे लुगडी किती होती? तीन? आणि धोपाटणं कुणाच्या हातात असायचं हेही सांगा. तुमच्या नक्कीच नाही.

चिमणीताई, आमच्या घरचा नियम असा. जे काखेला आणि जांघेला चिकटतं ते एकदाच, म्हणजे इनर, मोजे, लेगिंग, घट्ट कुर्ती. जे अंगापासून सुटं राहतं ते वास घेऊन ठरवायचं. जीन्स चार-पाच वेळा चालते, चिखल उडाला नसेल तर. ओढणी आठवड्यानं.

टॉवेलचं म्हणाल तर टॉवेलच सोडा आणि पंचा घ्या. जाड टॉवेल पावसाळ्यात दोन दिवस ओला राहतो आणि मग आंबूस मारतो. पंचा पंख्याखाली तासाभरात सुकतो, हातानं पिळता येतो, मशीनमध्ये जागा खात नाही. दहा वर्षं झाली, आमच्याकडे टॉवेल फक्त पाहुण्यांना.

चादरवाला | सोमवार, रात्री ११:३१

टॉवेलला नावं ठेवू नका, आम्ही सोलापूरकर आहोत. टॉवेल आंबूस मारतो कारण लोक शेवटच्या पाण्यात ते वासाचं कंडिशनर ओततात. त्यानं धाग्यावर थर चढतो, टॉवेल पाणी शोषायचं बंद करतो. दोष कंडिशनरचा, शिक्षा टॉवेलला.

लोलक | सोमवार, रात्री ११:४४

आकडे सांगायच्या आधी थोडी माहिती लागेल. राहता कुठे? मशीन वरून झाकणाचं की फ्रंट लोड? पाणी पालिकेचं की बोअरचं? कपडे कॉटन की पॉलिस्टर? वाळत कुठे घालता?

चिमणी_हैराण | मंगळवार, सकाळी ७:१२

@लोलक मशीनचा काय संबंध? मी किती *वेळा* विचारलंय, *कशात* नाही. असो. घोडबंदर रोडला राहते, ठाणे. पाणी टँकरचं, म्हणून तर वार ठरवून घेतलेत. मशीन फ्रंट लोड. कापड काय ते माहीत नाही, सेलमधल्या कुर्त्या आहेत.

@मोरपीस धन्यवाद, हे असं हवं होतं. गाऊन राहिला.

नागपुरी_संत्रा | मंगळवार, सकाळी ८:०३

आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे येते, तो शर्ट दुसऱ्या दिवशी घालाची सोयच नाही. रोजच धुवा लागते. पण वलनीवर टाकला का अर्ध्या तासात कडकडीत. तुमच्या मुंबईकडे घाम वाळत नाही अन् कपडाही वाळत नाही, तिथं कसे राहता बाप्पा तुम्ही?

जीन्सभक्त | मंगळवार, सकाळी ९:१५

जीन्स धुणं हाच मुळात गुन्हा आहे. २०१४ साली लीव्हाइसचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी जाहीर सांगितलं होतं की अंगावरची जीन्स त्यांनी वर्षभरात मशीनमध्ये टाकलेली नाही. कंपनीचाच माणूस सांगतोय! त्याआधी कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं एकच जीन्स १५ महिने न धुता वापरली. मग धुतली, तेरा दिवस वापरली आणि परत तपासली. जिवाणू जवळपास तेवढेच निघाले. त्यामुळे डाग पडला तर तेवढंच ओल्या फडक्यानं पुसा. फारच वाटलं तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.

मोरपीस | मंगळवार, सकाळी ९:२८

फ्रीझरमध्ये? मोदकाच्या सारणाशेजारी?

लोलक | मंगळवार, सकाळी ९:४०

फ्रीझरनं जिवाणू मरत नाहीत, गारठून गप्प बसतात. जीन्स अंगावर चढली की परत कामाला लागतात. आणि तो प्रयोग कॅनडातला आहे, तिथल्या कोरड्या थंडीतला. जुलैत ठाणे स्टेशनच्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला तो लावू नका.

जीन्सभक्त | मंगळवार, सकाळी ९:४६

म्हणजे विज्ञान ठाण्यात वेगळं असतं का?

लोलक | मंगळवार, सकाळी ९:५१

विज्ञान तेच असतं, दमटपणा वेगळा असतो.

औषधवाला | मंगळवार, सकाळी ११:१०

विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण पावसाळ्यात आमच्या दुकानात रोज दहा जण येतात. खाज आहे का? जांघेत, कमरेला, गोल कडेचा लाल चट्टा? असेल तर तो नायटा, म्हणजे बुरशी. मग कपड्यांच्या आकड्याचा प्रश्नच मिटला. अंगालगतचा प्रत्येक कपडा आणि टॉवेल रोज धुवायचा, टॉवेल कुणाबरोबर वाटून घ्यायचा नाही. ६० डिग्रीचं पाणी जमलं तर उत्तम, नाहीतर वाळल्यावर शिवणीवरून गरम इस्त्री. आणि दुकानदाराला विचारून ‘तीन औषधं एकत्र’ असलेली ट्यूब लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडनं खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. मी स्वतः दुकानदार असून सांगतोय. त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

चिमणी_हैराण | मंगळवार, सकाळी ११:३२

अहो काका, मला खाज नाहीये!! चार लोकांत काय विचारताय.

स्टॉकहोमकर | मंगळवार, दुपारी २:०५

इथे इमारतीच्या तळघरात सगळ्यांचं मिळून एकच धुणंघर असतं. आधी वेळ राखून ठेवायची, तीन-चार तास मिळतात. चुकून दहा मिनिटं जास्त लागली तर दारावर चिठ्ठी चिकटवलेली असते, अत्यंत सभ्य भाषेत अत्यंत झोंबणारी. त्यामुळे इथे सगळेच कपडे बाल्कनीत हवेला टांगून परत वापरतात, लोकरीचे तर महिना महिना. पण ते कोरड्या थंडीत. सुट्टीला गिरगावात आलो की दिवसाला दोन बनियन लागतात.

टवाळ_टग्या | मंगळवार, दुपारी २:२०

चिठ्ठ्या चिकटवण्यात तेही आपलेच निघाले. स्टॉकहोममध्ये सदाशिव पेठ आहे तर.

जुनाखोडकर | मंगळवार, दुपारी ३:४४

सदाशिव पेठेत जन्म गेला, आम्ही चिठ्ठ्या नाही, पाट्या लावतो. रच्याकने (जाता जाता), पांढऱ्या कपड्यांना नीळ हल्ली कुणी घालतं का? परीट घरी यायचा, कपड्यावर काळ्या शाईनं खूण करायचा. त्या परीटघडीच्या सदऱ्याची घडी मोडताना कर्रकन आवाज यायचा. खळ तांदळाची की साबुदाण्याची यावरून आमच्याकडे...

चिमणी_हैराण | मंगळवार, संध्याकाळी ७:५८

नीळ, खळ, स्टॉकहोम, सगळं झालं. धागा पार भरकटवलात. उद्या बुधवार आहे हो.

आज तर कहर झाला. कालची नाही, रविवारी धुतलेली, घडीतून काढलेली कुर्ती घातली. ठाण्याला ट्रेनमध्ये चढले, कुर्ल्याला उतरेपर्यंत तोच कुबट वास. म्हणजे मी धुतलेलं घालूनसुद्धा घाणेरडीच. मग आता काय दिवसातून दोनदा धुवू?

लोलक | मंगळवार, रात्री ८:१०

हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!! म्हणून मशीन विचारत होतो.

धुतलेल्या कपड्याला अर्ध्या तासात वास आला तर तो आजच्या घामाचा नव्हे. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यातला, विशेषतः काखेतल्या घामातला, तेलकट भाग फोडतात तेव्हा वास सुटतो. तो तेलकटपणा आणि जिवाणू कापडात शिल्लक राहिले, की अंगाची ऊब आणि थोडी ओल मिळताच पुन्हा सुरू. पॉलिस्टर तर ते तेल धरूनच ठेवतं, कॉटन धुण्यात बरंच सोडतं. तुमच्या सेलमधल्या कुर्त्या बहुतेक पॉलिस्टर निघतील, आतल्या शिवणीत पट्टी असते ती वाचा.

आता चार प्रश्न. न चिडता उत्तरं द्या. कुठला प्रोग्रॅम लावता? पावडर कुठली, किती? धुणं झाल्यावर मशीनचं दार बंद ठेवता का? कपडे वाळतात कुठे?

चिमणी_हैराण | मंगळवार, रात्री ८:३१

१५ मिनिटांचा. वेळ कुणाला आहे? आणि पाणीही वाचतं. पावडर घरात मोठी पिशवी आहे ती, साधी, एक मग. टँकरचं पाणी जड आहे म्हणून मैत्रीण म्हणते जास्तच घाल. दार बंदच, छोटा हॉल आहे, उघडं ठेवलं तर गुडघ्याला लागतं. कपडे हॉलमध्ये स्टँडवर. रात्री झोपताना पंखा बंद.

लोलक | मंगळवार, रात्री ८:५५

सापडलं. बादलीची साधी पावडर फ्रंट लोडमध्ये घालायची नाही, फार फेस करते. फ्रंट लोडमध्ये कपडे वर जाऊन खाली आपटतात तेव्हा मळ सुटतो. फेसाच्या गादीवर आपटून काय होणार? आणि एक मग पावडर १५ मिनिटांत खळबळून निघत नाही, कापडातच राहते. जड पाणी असेल तर फ्रंट लोडची पावडर डब्यावर लिहिलंय त्या मापानं, हवा तर चमचाभर धुण्याचा सोडा. तो १५ मिनिटांचा प्रोग्रॅम एखाददोन किलो, न मळलेल्या कपड्यांसाठी असतो.

आणि आता जरा मन घट्ट करून मशीनच्या दाराचं राखाडी रबर बोटानं बाहेर ओढून आत बघा.

खुंटीवाली | मंगळवार, रात्री ९:२०

नुकतीच सदस्य झालेय. महिनाभर नाही, तीन आठवडे. आणि त्या जीन्सला वास येत नाही, कारण ती त्या मशीनमध्ये जातच नाही. बस्स, एवढंच.

जीन्सभक्त | मंगळवार, रात्री ९:२२

+१. मी काय सांगत होतो?

चिमणी_हैराण | बुधवार, रात्री १०:१७

रबर ओढलं. वर्णन करत नाही, जेवायची वेळ आहे. काळा बुळबुळीत थर, एक केसांची पिन, दोन रुपयांचं नाणं आणि कुणाच्या तरी राखीचा गोंडा. कोरड्या फडक्यानं पुसलं, तीन फडकी फेकली. मग लोलक यांच्या भरवशावर मशीन रिकामंच सगळ्यात गरम पाण्यावर चालवलं. दोन तास वीस मिनिटं! पारोसंवालीचं म्हणणं, टँकरचं एवढं पाणी गटारात घातलंस. मी म्हटलं, तुझी पावडर.

लोलक | बुधवार, रात्री १०:४०

महिन्यातून एकदा करा, एकदम एवढं साचणार नाही. फ्रंट लोडला मुळात पाणी कमी लागतं, वर झाकणाच्या मशीनमध्ये याहून जास्त गेलं असतं. आणि दार बोटभर उघडं ठेवा, गुडघ्याला लागलं तरी.

वाळत घालताना दोन कपड्यांत हातभर जागा आणि स्टँड पंख्याखाली, पंखा रात्रभर. आमच्याकडे जुलैत पंखा नसेल तर दुसऱ्या सकाळीही शिवणी ओल्याच लागतात. कुबट वास बहुतेकदा तिथेच धरतो.

चिमणी_हैराण | सोमवार, रात्री ९:३३

रविवारचं धुणं नव्या पावडरीनं, तासाभराच्या प्रोग्रॅमवर केलं. कॉटनच्या दोन कुर्त्या आज पूर्ण दिवस ठीक. लिफ्टमध्ये तीच बाई होती, रुमाल आजही नाकाला. तिला बहुतेक सर्दीच आहे. पण निळी कुर्ती (शिवणीत वाचलं, १००% पॉलिस्टर) काखेत अजून तशीच.

लोलक | सोमवार, रात्री ९:५०

ती उलटी करून बादलीभर पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखी धुवा. ब्लीच मात्र त्यात चुकूनही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. दोन-तीन वेळा करून बघा. तरी गेला नाही तर ती कुर्ती डिसेंबरसाठी ठेवा.

पैठणीप्रेमी | सोमवार, रात्री ११:०२

धागा वाचला नाही, पण आईच्या पैठणीवर श्रीखंड सांडलंय. ड्रायक्लीनला द्यावी का? तातडीनं सांगा.

चादरवाला | सोमवार, रात्री ११:०६

वेगळा धागा काढा.

चिमणी_हैराण | सोमवार, रात्री ११:१५

आणि गाऊन? गाऊनचं शेवटपर्यंत कुणीच सांगितलं नाही.

जुनाखोडकर | मंगळवार, पहाटे ५:१०

रोज.